‘हाय खाल्ली’ म्हणतात, ते खरं असतं का?

प्रश्न : मी केडगावची. यंदा आषाढात यांना हार्ट अटॅक आला. वय अठ्ठावन्न. नगरच्या दवाखान्यात एक स्टेंट टाकला, पाचव्या दिवशी घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, एको चांगला आहे, आता हिंडा-फिरा. पण माणूस काही उठेना. लिलावाच्या दिवशी पहाटेच नेप्तीच्या कांदा बाजाराला निघणारे हे. आता कांद्याला काय भाव निघाला एवढंसुद्धा विचारत नाहीत. नवरात्रात देवीला जाणारी माणसं आमच्या दारावरून जातात. दरवर्षी हे रांगेपाशी सेवेला उभे असतात. यंदा घटस्थापनेला भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. रडत नाहीत, पण नातवावर खेकसतात. सासूबाई म्हणतात, ‘बापासारखीच हाय खाल्ली पोरानं.’ सासऱ्यांनी बहात्तरच्या दुष्काळात बैलजोडी विकली, रिकाम्या दावणीकडे बघत बसायचे आणि वर्षाच्या आत छातीत कळ येऊन गेले, असं त्या सांगतात. तर माझं विचारणं असं की, हाय खाऊन माणूस खरंच हृदयाच्या आजारानं जातो का, का ही आपली बोलायची रीत? आणि यांचं हे असं बसणं आजार म्हणायचं, का अटॅकनंतर एवढं चालायचंच?
— एक वाचक भगिनी, केडगाव (अहिल्यानगर)

उत्तर : ताई, सासूबाईंच्या शब्दापासूनच सुरुवात करू, कारण तो फार जुना आणि फार नेमका शब्द आहे. आपण सहसा ‘हाय घेतली’ म्हणत नाही, ‘खाल्ली’ म्हणतो. दुःख आत जातं आणि आतून पोखरतं, हे त्या क्रियापदातच आहे. मराठी माणसाला याचं पहिलं उदाहरण शाळेतच भेटतं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं, त्यात थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ गेले, आणि २३ जून १७६१ ला नानासाहेब पेशव्यांनी पुण्यात पर्वतीवर प्राण सोडला. वय अवघं चाळीस. पानिपतची हाय खाऊन गेले, असं आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. त्यांची प्रकृती आधीपासूनच बरी नव्हती, त्यामुळे नुसत्या दुःखानं गेले असं आज कोणी छातीठोक म्हणू शकत नाही. तुमच्या सासऱ्यांचंही तसंच. त्या वर्षी पोटाची आबाळ, दुष्काळी कामावर खडी फोडण्याचे कष्ट, कदाचित तंबाखू, आणि त्यावर बैल गेल्याचं दुःख. यातलं कशानं किती केलं, हे आता वेगळं काढता येणार नाही.

पण तुमचा मूळ प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर ‘हो’ असं आहे. मनाची दीर्घ उदासी आणि हृदयविकार यांचं नातं आहे, ते दोन्ही बाजूंनी चालतं, आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ते मोजलं गेलं आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्या बोलण्यात ‘धसका घेणं’ आणि ‘हाय खाणं’ शेजारी शेजारी येतात, पण वैद्यकाच्या दृष्टीनं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धसक्याचा एक खराखुरा हृदयाचा आजार आहे. १९९० साली जपानी डॉक्टरांनी त्याला ‘ताकोत्सुबो’ नाव दिलं. तिकडे अष्टपाद पकडायला कोळी जे मडकं वापरतात, त्याचं हे नाव. अरुंद गळा, फुगीर पोट, आपल्या चंबूसारखं. एकाएकी मोठा आघात झाला की काही जणांच्या हृदयाचा डावा कप्पा तसा फुगतो, छातीत कळ येते, ईसीजीही अटॅकसारखा निघतो. पण अँजिओग्राफी केली तर रक्तवाहिन्या मोकळ्या असतात, निदान एवढा अटॅक यावा इतक्या तुंबलेल्या नसतात. हा बहुतेककरून पाळी गेलेल्या बायकांना होतो आणि बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात. तुमच्या घरातलं दुखणं हे नाही. तुमच्या यजमानांची रक्तवाहिनी खरोखर तुंबली होती, म्हणून तर स्टेंट टाकला. त्यांच्या बाबतीत बोलायचं ते सावकाश खाल्ल्या जाणाऱ्या हायेबद्दल. डॉक्टर तिला डिप्रेशन म्हणतात, पुस्तकात नैराश्य म्हणतात.

कॅनडातल्या माँट्रिऑलमध्ये नॅन्सी फ्रेझर-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकमधून वाचलेल्या २२२ जणांना दवाखान्यातच मनाचे प्रश्न विचारले आणि पुढे त्यांची खबर ठेवली. १९९३ साली ते काम छापून आलं. ज्यांना मोठं नैराश्य होतं, त्यांच्यात पहिल्या सहा महिन्यांत दगावण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. हृदय किती कमकुवत झालं होतं हा हिशेब वजा केला, तरी धोका चौपटीच्या घरात राहिला. अभ्यास लहान होता, पण त्यानं हृदयाच्या डॉक्टरांना मनाकडे बघायला लावलं. मग २००४ मध्ये ५२ देशांतला ‘इंटरहार्ट’ अभ्यास आला. त्यात भारतही होता. पहिल्या हार्ट अटॅकच्या धोक्यापैकी बहुतेक सगळा धोका नऊ गोष्टींनी समजावता येतो, असं त्यातून दिसलं. त्या नवांत तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, चरबी यांच्या पंगतीला मनाचा ताण आणि उदासी बसली होती. २००६ साली पन्नासहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा नैराश्य असलेल्यांना पुढे हृदयविकार होण्याचा धोका ऐंशी टक्क्यांच्या आसपास जास्त दिसला. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत हा आकडा बराच खाली आला, कारण उदास माणूस तंबाखू जास्त खातो, चालतो कमी, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. पण अटॅक येऊन गेलेल्यांबाबत चित्र पुरेसं स्पष्ट होतं. २०१४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञ मंडळानं शिफारस केली की, अशा रुग्णांत नैराश्य हा पुढचा धोका वाढवणारा घटक म्हणून धरावा, जसा आपण मधुमेह धरतो.

आता ही हाय शरीरात करते काय, ते सांगतो. हे समजलं की ‘मनावर घेऊ नका’ असं म्हणण्यात अर्थ का नाही तेही समजतं.

हृदय गाडीच्या बैलासारखं धरा. त्याला पळवणारी एक पराणी असते आणि आवरणारा एक कासरा. शरीरात या दोन वेगळ्या नसांच्या यंत्रणा आहेत. निरोगी हृदयाचे ठोके घड्याळासारखे एकसारखे नसतात. श्वास घेताना जरा जलद, सोडताना जरा सावकाश, अशी त्यांच्यात सतत बारीक हालचाल असते. कासरा हातात असल्याची ती खूण. नैराश्यात बऱ्याचदा पराणी टोचलेली राहते आणि कासरा सैल पडतो. ठोक्यांमधली ती हालचाल कमी होते, आणि नुकतंच दुखावलेलं हृदय अशा वेळी बेताल व्हायचा धोका वाढतो. दुसरीकडे कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक, जे संकटापुरतं वाढून खाली यायला हवं, ते चढंच राहू शकतं. त्यानं साखर वाढते, रक्तदाब वाढतो, पोटावर चरबी बसते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या थराला बारीक सूज राहते.

आणि मग प्लेटलेट. डेंग्यूत कमी होतात म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्याच या रक्तकणिका. जखम झाली की एकमेकींना चिकटून रक्त थांबवायचं हे त्यांचं काम. नैराश्य असलेल्या काही माणसांत त्या जास्त चिकट झालेल्या दिसतात. आता तुमच्या घरातल्या गोळ्यांचा डबा उघडून पाहा. त्यात ॲस्पिरिन असेल, तिच्यासोबत क्लोपिडोग्रेल किंवा तशीच दुसरी एक गोळी असेल. या दोन्ही गोळ्या कशासाठी? स्टेंटच्या जाळीवर प्लेटलेटची गुठळी बसू नये यासाठीच. म्हणजे गोळी ज्या दिशेला ओढते, उदासी नेमकी तिच्या उलट दिशेला ओढते.

त्याहून मोठी गोष्ट साधी आहे. उदास माणूस गोळ्या घेत नाही. नाही म्हणत नाही, फक्त घेत नाही. ‘घेतली’ म्हणतो, उशाखाली ठेवतो. किंवा, ‘कशाला आता’, म्हणतो. स्टेंट टाकल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत या दोन गोळ्या चुकणं हे खरोखर जिवावरचं असतं. तेव्हा आज संध्याकाळी एक काम करा. त्यांना न विचारता गोळ्यांची पाकिटं मोजा. महिन्याच्या किती आणल्या, किती दिवस झाले, किती उरल्या. हिशेब जुळला तर उत्तम. जुळला नाही तर रागावू नका. तंबाखू पुन्हा मळू लागलेत का, तेही पाहा. यातलं काहीही आढळलं, तर ते डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे. घरात भांडून ती सुटत नाही.

‘अटॅकनंतर एवढं चालायचंच का?’ हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण बहुतेक घरं इथेच थांबतात. पहिले दोन-तीन आठवडे माणूस धास्तावलेला, हळवा, गप्प असणं साहजिक आहे. मृत्यू पाहून आलेला असतो तो. पण तुमच्या यजमानांच्या अटॅकला आता चार महिने झाले. हार्ट अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला मोठं नैराश्य येतं, म्हणजे तुमचे यजमान काही जगावेगळे नाहीत. आपल्याकडे पुरुषाचं नैराश्य रडत येत नाही. ते चिडचिड होऊन येतं, गप्प बसणं होऊन येतं, ‘कंटाळा आलाय’, ‘जीव रमत नाही’, ‘छातीत भरून येतं’ होऊन येतं. पहाटे तीनला डोळे उघडणं आणि मग दिवस वर येईपर्यंत छताकडे बघत राहणं ही त्याची अगदी जुनी खूण आहे. आणि कांद्याचा भाव! जो माणूस आयुष्यभर भावावर जगला, त्यानं भाव विचारणं सोडलं, याला मी थकवा म्हणणार नाही. थकलेला माणूस खाटेवर पडूनही विचारतो.

डॉक्टर जगभर ज्या दोन प्रश्नांनी सुरुवात करतात, ते तुम्हीही विचारू शकता. गेल्या दोन आठवड्यांत कशातच गोडी वाटत नाही, काही करावंसं वाटत नाही, असं किती दिवस झालं? आणि मन खिन्न आहे, निराश आहे, पुढे काही चांगलं दिसत नाही, असं किती दिवस वाटलं? उत्तर ‘एखाद-दुसरा दिवस’ असेल तर थोडं थांबा. ‘अर्ध्याहून जास्त दिवस’ किंवा ‘रोजच’ असेल तर पुढची तपासणी हवी. नऊ प्रश्नांची एक सविस्तर प्रश्नावली मराठीतही आहे, ती डॉक्टर भरून घेतात. त्याबरोबर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ हेही तपासून घ्यायला सांगा, कारण त्यांच्या कमी-जास्तीनंही माणूस असाच मरगळतो. मरगळ एकीकडे वाढत असेल आणि पायाला सूज, झोपल्यावर दम असंही काही दिसत असेल, तर हृदयाच्या डॉक्टरांकडे आधी जा. हृदयाची ताकद कमी झाल्याची ती खूण असू शकते.

एक प्रश्न मात्र मन घट्ट करून विचारायचा. जगून काय उपयोग, आपण गेलेलं बरं, असं मनात येतं का? असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. असलाच तर बाहेर येतो आणि माणसाला हलकं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं ठेवू नका, कीटकनाशकाच्या बाटल्या शेतातून आणि घरातून हलवा, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १४४१६ हा सरकारचा ‘टेलिमानस’ क्रमांक आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेला. दिवस-रात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. तिथे तुम्ही स्वतःसुद्धा फोन करून ‘घरी असं असं आहे, काय करू’ असं विचारू शकता.

उपचारानं काय होतं, ते खरंखरं सांगतो, कारण खोटी आशा पुढे महागात पडते. २००२ च्या एका अभ्यासात अटॅक किंवा तशाच धोक्याच्या छातीदुखीतून गेलेल्या ३६९ नैराश्यग्रस्तांना सर्ट्रालिन हे औषध देऊन पाहिलं, ते हृदयाला सुरक्षित ठरलं. २००३ मध्ये अमेरिकेत जवळजवळ अडीच हजार हृदयरुग्णांवर समुपदेशनाचा मोठा प्रयोग झाला. त्यांची उदासी हलकी झाली, माणसांत उठणं-बसणं वाढलं. पण दुसरा अटॅक किंवा मृत्यू त्यानं कमी झाले नाहीत. अनेकांची निराशा झाली. पुढे २०१८ मध्ये कोरियातला अभ्यास आला. तीनशे रुग्ण, अर्ध्यांना सहा महिन्यांच्या आसपास एसिटॅलोप्राम, अर्ध्यांना नुसती दिखाऊ गोळी, आणि मग आठ वर्षांची नोंद. औषधवाल्यांत शंभरातल्या ४१ जणांना पुढे हृदयाचं काही मोठं झालं, दुसऱ्या गटात ५४ जणांना. म्हणजे हृदय वाचेल याची हमी आज कोणी देऊ नये, पण आशेला जागा आहे. माणूस पुन्हा जेवू-झोपू लागतो, गोळ्या घेतो, चालायला जातो, यावर मात्र शंका घ्यायचं कारण नाही. नुसतं एवढ्यासाठीही उपचार करण्याजोगा आहे.

गोळ्यांबद्दल थोडं. मनाची गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांना हृदयाची चिठ्ठी दाखवा आणि हृदयाच्या डॉक्टरांना मनाची. अमिट्रिप्टिलीनसारखी जुनी औषधं हृदयरुग्णाला शक्यतो टाळतात. नव्यांपैकी काहींनी ईसीजीत फरक पडू शकतो, आणि ॲस्पिरिनसोबत घेतल्यावर रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो. शौचाला काळं होऊ लागलं तर लगेच सांगा. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. पहिल्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करू नका आणि बरं वाटल्यावर मनानं सोडू नका. झोपेच्या गोळीसारखी सवय लागते, ही भीती या औषधांबाबत लोक फार बाळगतात. ती तशी नाहीत.

बोलण्याच्या उपचाराचं एक जवळचं उदाहरण आहे. गोव्यात ‘संगत’ या संस्थेनं, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी, दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. सल्ला देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, गावातलीच प्रशिक्षण घेतलेली माणसं होती. सहा ते आठ बैठका. त्यांचं सूत्र असं होतं की, मन लागेल तेव्हा करीन म्हणू नका. आधी छोटं काही करा, मन मागून येईल. पूर्वी ज्यात जीव रमायचा, त्यातलं एखादं लहान काम ठरलेल्या वेळी करायचं, पुढच्या बैठकीत त्यावर बोलायचं. तीन महिन्यांनी या गटातल्या शंभरातल्या ६४ जणांची उदासी ओसरली होती, नेहमीचे उपचार घेतलेल्यांत ३९ जणांची. २०१७ मध्ये हे छापून आलं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी असते; नगरला जाताना हृदयाच्या तपासणीच्याच दिवशी तिथेही केसपेपर काढा, म्हणजे ‘मला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेतेस का’ हा वाद एकदाच होईल. हृदयाच्याच डॉक्टरांनी ‘हेही दाखवून घ्या’ असं म्हटलं, तर तो वाद बहुतेक होतच नाही. म्हणून आधी त्यांच्या कानावर घाला. डॉक्टरांपुढे यजमान ‘बरं आहे’ एवढंच म्हणतील. पहाटे तीनची गोष्ट तुम्हालाच सांगावी लागेल.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते. तुमच्या पत्रात चार महिने आहेत, सासूबाई आहेत, नातू आहे, तुम्ही कुठेच नाही. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० सालापासून गावोगावच्या बायकांना आरोग्याच्या कामात उभं केलं. २००७ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात त्या भागातल्या बायकांना मनाच्या आरोग्याबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की डोक्याला टेन्शन नसणं म्हणजेच मन ठीक असणं. आणि टेन्शन कशाचं, तर नवऱ्याशी नि सासूशी भांडण, मारहाण, गरिबी. नैराश्य बायकांत पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळतं आणि बायकांच्या छातीतली कळ ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून घरातच जिरते. वरचे दोन प्रश्न एकदा स्वतःलाही विचारा. यजमानांच्या तपासणीला जाल तेव्हा स्वतःचा रक्तदाब मोजून घ्या.

आणि नेप्ती. त्यांना लिलावाला न्यावं का, गर्दीत त्रास झाला तर, अशी धास्ती तुमच्या मनात असेलच. एको चांगला आहे आणि डॉक्टरांनी फिरायला सांगितलं आहे, तर घरात बसवून ठेवणं त्यांच्या भल्याचं नाही. पण एकदम लिलाव नको. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी दहा मिनिटं, नातवाचा हात धरून, देवीच्या दिशेनं. रस्त्यात कोणी ‘कसं काय, तब्येत?’ विचारलं तर उत्तर त्यांनाच देऊ द्या. जमलं की पंधरा मिनिटं, मग वीस. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना विचारून घ्या आणि मग एखाद्या लिलावाच्या दिवशी, गर्दी ओसरल्यावर, मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून जाऊ द्या. पोतं उचलायचं नाही, भांडायचं नाही, नुसतं बघून यायचं. परत आल्यावर भाव किती निघाला, हे त्यांना तुम्ही विचारा.